दर दहा सेकंदांनी नमस्कार

माझ्या सासूबाई नातेवाइकांना सांगत, "जावई शाळेत वायरी लावतात." त्यात तक्रार नसे, कौतुकही नसे. नुसती माहिती असे. एकदा मी समजावून सांगायला गेलो. म्हटलं, "वायरी दुसरे लोक लावतात. वायरीच्या दोन टोकांना जी यंत्रं असतात, त्यांची एकमेकांशी ओळख करून देणं हे माझं काम." त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "म्हणजे वधूवर सूचक मंडळ."

तेव्हा मी हसलो. पण पंचवीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाल्यावर सांगतो, माझ्या कामाची इतकी नेमकी व्याख्या नंतर कोणालाच जमली नाही. माझ्या नेमणूकपत्रात तर मुळीच नव्हती. तिथं "नेटवर्क व तत्सम कामे" असं लिहिलं होतं आणि तत्सममध्ये स्नेहसंमेलनाचा माईकही येत असे.

आमची शिक्षणसंस्था पुण्यातल्या जुन्या संस्थांइतकी जुनी नाही. याचं तिला इतकं दुःख, की ती त्यांच्यापेक्षा जास्त जुन्यासारखी वागे. मुख्य कार्यालय बुधवार पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. खाली इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं. जगातली कुठलीही वायर तिथं मिळे, फक्त मला हवी असलेली "कालच संपली" असे. दुसरं ठिकाण धायरीची शाळा. तिसरं वाघोलीचं इंजिनिअरिंग कॉलेज. तिन्ही ठिकाणी एकेक राउटर, आणि प्रत्येक जोडीत एकेक लाइन. कागदावर त्रिकोण दिसे.

राउटर म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी पेटी. आलेला निरोप कोणत्या रस्त्यानं पुढे पाठवायचा, हे ती ठरवते. चौकात पत्ता सांगणारा माणूस समजा. फरक एवढाच, की आपल्याकडे पत्ता विचारला तर आधी "तिथं तुमचं काय काम?" असा प्रश्न येतो. राउटर तो विचारत नाही. पूर्वी हे रस्ते हातानं लिहून द्यावे लागत. सिंहगड रस्त्यावर कोणी खोदलं आणि लाइन तुटली, की मी बसून नवे रस्ते लिहीत असे. मग राउटरांनी आपापसात बोलून रस्ते ठरवायची पद्धत आली. एक वाट बंद पडली की ते दुसरी शोधतात, मला विचारतही नाहीत. नोकरीत इतका दिलासा मला दुसऱ्या कोणी दिला नाही.

आपापसात बोलणं म्हणजे काय, तर दर दहा सेकंदांनी प्रत्येक राउटर शेजाऱ्याला हॅलो म्हणतो. बस, एवढंच. चाळीस सेकंद शेजाऱ्याचा हॅलो आला नाही, तर तो वारला असं धरून चालायचं आणि दुसऱ्या रस्त्याला लागायचं. माझ्या सोसायटीत हा नियम लावला तर दोन मजले संध्याकाळपर्यंत मृत घोषित करावे लागतील.

माझं काम राउटरच्या दारांवर. इंटरफेस हा त्याचा खरा शब्द, पण मी दार म्हणतो. प्रत्येक दारावर चार गोष्टी लिहायच्या. हॅलो किती सेकंदांनी करायचा. किती सेकंद वाट बघून शेजारी गेला असं मानायचं. या दारातला रस्ता किती नकोसा आहे, त्याचा आकडा. आणि परका कोणी शेजारी म्हणून घुसू नये, म्हणून परवलीचा शब्द. इथं सासूबाई बरोबर ठरतात. कारण लाइनीच्या दोन्ही टोकांची पत्रिका जुळावी लागते. आणि माणसांसारखं अठरा गुणांवर भागत नाही. हॅलोचे सेकंद वेगळे असतील किंवा परवलीच्या शब्दात एक अक्षर इकडचं तिकडं असेल, तर दोघं एकमेकांना ओळखच देत नाहीत. लाइन धडधाकट असते, दिवे हिरवे असतात, आणि दोघं एकमेकांकडे पाठ करून बसलेले असतात. आकडा मात्र जुळावा लागत नाही, तो ज्याच्या त्याच्या दारावर. तरीही आमच्याकडे सगळ्यात आधी भांडण झालं ते आकड्यावरूनच.

त्याचं असं झालं. वाघोलीचे प्राचार्य थोरवे यांनी कुठल्याशा अहवालात पाहिलं, की धायरीहून बुधवार पेठेकडे जाणाऱ्या दारावर दहा आकडा आहे आणि वाघोलीकडे जाणाऱ्या दारावरही दहाच. ते थेट माझ्यासमोर येऊन बसले.

"सबनीस, इंजिनिअरिंग कॉलेजला आणि बुधवार पेठेतल्या कचेरीला एकच आकडा?"

"सर, आकडा जितका मोठा, तितका तो रस्ता..."

"मोठाच पाहिजे. पाचशे करा."

माझं वाक्य पुरं व्हायचं होतं, पण सरांनी समितीत ठरावच करून घेतला. धायरी–वाघोली रस्त्याला पाचशे. त्याचा अर्थ असा, की हा रस्ता इतका नकोसा आहे, की दुसरा कुठलाही उपाय असेपर्यंत इकडे फिरकू नये. धायरीची सगळी ये-जा बुधवार पेठेमार्गे होऊ लागली आणि वाघोलीचा रस्ता ओस पडला. थोरवे सर पाहुण्यांना अभिमानानं सांगत, "आमची लाइन कधी तुंबत नाही." राखीव रस्ता म्हणून एक हवाच होता. माणसं आपणहून राखीव होत असतील, तर आपण कशाला मोडता घाला?

आता अध्यक्ष तात्यासाहेबांकडे येतो. माणूस वाईट नाही. निमंत्रणपत्रिकेत कोणाचं नाव कोणाच्या वर, हार आधी कोणाला, समईची पहिली वात कोणाची, यात त्यांची हयात गेली. विसर्जन मिरवणुकीतला मानाचा क्रम ज्या भक्तीनं पाळतात, त्या भक्तीनं ते चहाच्या कपांचा क्रम पाळत. त्यांनी आपल्या दालनात भिंतभर टीव्ही लावून घेतला आणि मला म्हणाले, "पाहुणे येतात. आपल्या तंत्रज्ञानाचं काहीतरी दिसू द्या. हलणारं." मी मुख्य राउटरची चालू नोंद त्यावर सोडली. दिवसभर ओळी वर सरकत. पाहुणे माना डोलवत.

एका सकाळी बोलावणं आलं. तात्यासाहेब टीव्हीसमोर उभे, हात मागे बांधलेले.

"सबनीस, हे वाचा. बुधवार टू धायरी, हॅलो. बुधवार टू वाघोली, हॅलो. मी घड्याळ लावून पाहिलं. दर दहा सेकंदांनी आपलं मुख्य कार्यालय शाखांना नमस्कार घालतंय."

"त्यासुद्धा आपल्याला घालतात साहेब. खालची ओळ बघा."

"त्यांनी घालावाच. आपण कशाला?"

"दोन्हीकडून सारखा लागतो. नाहीतर ओळख राहत नाही."

"म्हणजे या यंत्राला लहान-मोठं कळत नाही?"

"नाही साहेब."

"मग शिकवा."

संध्याकाळपर्यंत परिपत्रक निघालं. शाखांनी दर दहा सेकंदांनी नमस्कार करावा. मुख्य कार्यालय दर साठ सेकंदांनी त्याचा स्वीकार करील. वर्धापनदिनी, अकरा वाजून दोन मिनिटांच्या मुहूर्तावर, अध्यक्ष स्वहस्ते कळ दाबून या पद्धतीचा शुभारंभ करतील.

मी फाइलवर टिपण लिहिलं, की असं केल्यास मुख्य कार्यालयाचा शाखांशी संपर्क तुटेल. खाली शेरा आला, "पाहिले. कार्यवाही करावी." मनात आलं, टीव्हीवर नुसतं खोटं चित्र दाखवून मोकळं व्हावं. पण आमचे कार्यवाह लेले सर. आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलेलं, निवृत्तीनंतर संस्थेच्या सेवेत. प्रत्येक कागद ओळीखाली पट्टी धरून वाचत. राउटरच्या मांडणीची छापील प्रत फाइलला जोडल्याशिवाय ते पुढं जाऊ देत नसत. हॅलोचे सेकंद कुठल्या ओळीत असतात, हे त्यांना पाठ होतं.

"सर, तुम्हाला कळतंय ना यानं काय होणार?" मी विचारलं.

"कळतंय," पट्टी न हलवता लेले सर म्हणाले. "पण परिपत्रक निघालं आहे. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध परिपत्रक निघालं असतं, तरी मी प्रत मागितली असती."

एरवी मी हा सोहळा मजेत पाहिला असता. अध्यक्षांनी दाबावी कळ, तुटावा संपर्क, दोन दिवसांनी करू पूर्ववत. पण त्याच दिवशी, त्याच तासाला, धायरीच्या जगताप बाईंची परीक्षा होती.

जगताप बाई धायरीच्या मुख्याध्यापिका. शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन परीक्षेचं केंद्र आपल्या शाळेला मिळावं, म्हणून त्या तीन वर्षं अर्ज करत होत्या. जुनं केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, परीक्षा सकाळी आठला, मध्ये दोन बस बदलायच्या. खडकवासल्याच्या पलीकडच्या गावांतल्या चौदा मुलींनी आदल्या वर्षी फॉर्म भरले होते. पोचल्या पाच. बाई हा आकडा कोणालाही, अगदी पोस्टमनलाही, सांगत. शेवटी परीक्षा मंडळानं कळवलं, की तपासनीस येतील, साडेदहा ते साडेअकरा चाळीस संगणकांवर चाचणी घेतील. एका मिनिटाहून जास्त खंड पडला तर अर्ज बाद. तारीख पडली नेमकी आमच्या वर्धापनदिनाची. मंडळ तारीख हलवेना आणि तात्यासाहेबांचा मुहूर्त गुरुजींनी काढलेला.

आणि धायरीला बाहेरच्या जगात जायला स्वतःचा दरवाजा नाही. जायचं तर बुधवार पेठेतून, नाहीतर वाघोलीतून.

मी दोन दिवस आधी धायरीला गेलो. बाईंना सांगितलं, "काळजी करू नका. बुधवार तुटलं, तरी तुमचा राउटर वाघोलीचा रस्ता धरेल. काही सेकंदांचा प्रश्न."

"नक्की?"

"नक्की. तुमचे दोन शेजारी आहेत. हे बघा." मी राउटरला शेजाऱ्यांची यादी विचारली.

पडद्यावर एकच नाव आलं. बुधवार.

बाईंनी चष्मा लावून वाचलं. "दोन म्हणालात ना?"

"होते."

"कधी होते?"

त्या ओस रस्त्याकडे मी कित्येक महिन्यांत ढुंकूनही पाहिलं नव्हतं. जो रस्ता कोणी वापरत नाही, तो बंद पडल्याचं कोणालाच कळत नाही. ही गोष्ट मी नव्या लोकांना व्याख्यानात सांगत असे, तेव्हा ते वहीत उतरवून घेत. मलाही कोणीतरी उतरवून द्यायला हवी होती.

शोधलं तेव्हा कारण सापडलं. थोरवे सरांना मधल्या काळात डॉक्टरेट मिळाली होती. त्यांनी पाट्या बदलल्या, लेटरहेड बदललं, आणि आपल्या संगणक विभागाला सांगून धायरीकडच्या दाराचा परवलीचा शब्दही बदलून घेतला होता. जुन्या शब्दात डॉक्टर नव्हते. धायरीच्या बाजूला मात्र जुनाच शब्द. पत्रिका जुळेना, बोलणी बंद.

मी तिथूनच फोन लावला.

"सर, परवलीचा शब्द काय ठेवलाय?"

"गोपनीय आहे."

"माझ्यापासून?"

"सबनीस, शाळेकडून लेखी मागणी येऊ द्या. मुख्याध्यापिकांच्या सहीनं. मग विचार करू."

जगताप बाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी सही करायला पेनही काढलं. पण मला थोरवे सरांचा विचार किती आठवडे चालतो, ते ठाऊक होतं. मी स्वर बदलला.

"ठीक आहे सर. माझी एक अडचण होती. वर्धापनदिनी अकरा वाजता मुख्य कार्यालय बाजूला होतंय. त्या वेळी सगळा भार वाघोलीनं उचलावा, असं मनात होतं. नसेल जमत तर..."

फोनमध्ये थोरवे सरांची खुर्ची करकरली.

"सगळा?"

"सगळा."

"बुधवार पेठेला बाजूला ठेवून?"

"पूर्ण बाजूला ठेवून."

"लिहून घ्या. कॅपिटल डी, आर, टिंब, कॅपिटल टी, एच, ओ, आर, ए."

"पुढे?"

"पुढचं मावलं नाही," थोरवे सर खिन्नपणे म्हणाले. "आठच अक्षरं घेतं ते."

शब्द टाकला. अर्ध्या मिनिटात धायरीच्या यादीत दुसरा शेजारी उगवला. बाईंनी यादी पुन्हा वाचली, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आता दोन झाले. परवा किती असतील?"

एखादा जाणकार वाचक म्हणेल, आकडा पाचशेचा पाच करून आधीच रस्ता वळवायचा, प्रश्न मिटला. आकडा ठरावानं ठरला होता हो. तो बदलायला समितीची सभा, सभेला सात दिवसांची पूर्वसूचना. लेले सरांना विचारून पाहिलं. त्यांनी पट्टी उचलली, खाली ठेवली आणि म्हणाले, "सात."

वर्धापनदिनी मी बुधवार पेठेत हजर असणं अपेक्षित होतं. मी सगळी तयारी करून दिली. आज्ञा आधीच टंकून ठेवली, कीबोर्डच्या एंटरवर लाल फीत चिकटवली, बाजूला हळदकुंकवाचं तबक ठेवलं आणि लेले सरांना म्हटलं, "फीत कापायची, एंटर दाबायचं. मी धायरीला चाललो. तिथं कोणीतरी लागेल."

"मी विचारलेलं नाही," लेले सर म्हणाले. त्यांच्याकडून हा आशीर्वादच होता.

धायरीच्या संगणकखोलीत चाळीस मुलं बसली होती. तपासनीस म्हणून आलेल्या बाईंच्या गळ्यात स्टॉपवॉच. जगताप बाई दारात, हात पदराआड. राउटरच्या पडद्यासमोर मी पोकळेमामांना बसवलं होतं. पोकळेमामा शाळेचे जुने शिपाई, धायरीचेच, शाळा झाली त्या जागेवर त्यांनी लहानपणी म्हशी चारलेल्या. शेजाऱ्यांची यादी कुठं दिसते आणि शेजारी मृत झाला की कोणती ओळ येते, हे मी त्यांना दाखवून ठेवलं होतं.

अकरा वाजून दोन मिनिटं झाली. काही झालं नाही. होणारही नव्हतं, कारण चाळीस सेकंद वाट पाहायची रीत आहे. मला तिकडचं चित्र दिसत होतं. फीत कापली असेल, कळ दाबली असेल, टाळ्या वाजत असतील. इकडे मुलं खाली मान घालून उत्तरांवर टिचक्या मारत होती. मी मनात आकडे मोजत होतो.

"सायेब," पोकळेमामा खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हेडऑफिस वारलं!"

चाळीस माना वर झाल्या. तपासनीस बाईंनी विचारलं, "कोण वारलं?"

"कोणी नाही," जगताप बाई म्हणाल्या. "मुलांनो, पेपर."

पण पेपर थांबला होता. चाळीस पडद्यांवर चाळीस चकत्या गोल गोल फिरायला लागल्या. तपासनीस बाईंनी स्टॉपवॉच दाबलं. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. एक मुलगी माऊसवर बोट ठेवून पुतळ्यासारखी बसली होती. जगताप बाई माझ्याकडे पाहत नव्हत्या, हे त्यांचे उपकार. पाच सेकंद. सहा. राउटरला रस्ता सापडायला एवढा वेळ लागायला नको, असं मला वाटायला लागलं आणि डॉक्टर थोरव्यांचं एखादं अक्षर मी स्मॉल तर टाकलं नाही ना, म्हणून मी खिशातला कागद पुन्हा वाचायला लागलो. पण मग परवाच यादीत शेजारी दिसला कसा असता? भीतीच्या वेळी माणसाला आपण काय सिद्ध केलंय ते आठवत नाही.

"ह्यो बघा, दुसरा जित्ता हाय," पोकळेमामा म्हणाले. "वाघोली हाय."

आणि चकत्या थांबल्या. पुढचा प्रश्न आला. चाळीस पडद्यांवर एकदम.

तपासनीस बाईंनी घड्याळ पाहिलं. "नऊ सेकंद," त्या म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं. जगताप बाईंनी पदराआडचे हात बाहेर काढले. त्यांत पेन होतं, तेच, सही करायला काढलेलं. टोपण चावून सपाट झालं होतं.

दुपारी मी बुधवार पेठेत परतलो ते बोलणी खायच्या तयारीनं. तात्यासाहेब टीव्हीसमोर पाहुण्यांसह उभे होते. चेहरा वर्धापनदिनाला शोभेलसा.

"सबनीस, या! बघा. आपला एक नमस्कार, त्यांचे सहा. आपला एक, त्यांचे सहा."

मी पाहिलं. खरंच होतं ते. शेजारी वारला असं ठरलं, तरी राउटर हॅलो म्हणायचं सोडत नाहीत. कोण जाणे, उठेलही, अशा आशेनं म्हणत राहतात. धायरी आणि वाघोली दर दहा सेकंदांनी नमस्कार घालत होते. बुधवार पेठ मिनिटाला एक घालत होती. दोघांच्या पत्रिका जुळत नसल्यामुळे एकाचाही नमस्कार दुसरा घेत नव्हता. नमस्कारांशिवाय एक अक्षर इकडून तिकडं जात नव्हतं. आणि पडद्यावर हे सगळं अतिशय भारदस्त दिसत होतं.

"साहेब, संपर्क तुटलेला आहे," मी म्हणालो.

"हलतंय की," एक पाहुणे म्हणाले.

मी लेखी टिपण दिलं. ते तबकाखाली राहिलं.

आता गंमत ऐका. संपर्क तुटल्याचं कोणाच्याही लक्षात आलं नाही. बुधवार पेठेचं स्वतःचं इंटरनेट चालू होतं, शाखांचं वाघोलीतून चालू होतं. अडलं ते फक्त मुख्य कार्यालयाकडून शाखांना जाणारं, आणि ते म्हणजे परिपत्रकं. तात्यासाहेबांच्या हुकमानं परिपत्रक संस्थेच्या स्वतःच्या यंत्रणेतूनच जाई. मोबाइलवर पाठवणं म्हणजे शालजोडी पिशवीतून देणं, असं त्यांचं मत. धायरीत आणि वाघोलीत त्या दिवसांत तास वेळेवर होऊ लागले, निकाल वेळेवर लागू लागले. जगताप बाईंनी फोन करून विचारलं, "सबनीस, वरून काहीच येत नाही. सगळे बरे आहेत ना?"

मधल्या काळात धायरीला केंद्र मंजूर झाल्याचं पत्र आलं. ते टपालानं आलं म्हणून पोचलं.

गौप्यस्फोट झाला तो तात्यासाहेबांच्या सत्कारानं. सर्व शाखांच्या सर्व सेवकांनी अमुक दिवशी सभागृहात उपस्थित राहावं, असं परिपत्रक निघालं. दिवस उजाडला. सभागृहात तात्यासाहेब, लेले सर, मी आणि हारवाला. हारवाल्याला निघायची घाई होती, पण तो एकटाच प्रेक्षक असल्यामुळे त्याला उठवेना.

"शाखांना काही निष्ठा?" तात्यासाहेब म्हणाले. आवाज मात्र दुखावलेला होता. पहिल्यांदाच मला ते थकलेले म्हातारे गृहस्थ वाटले.

"निरोपच पोचला नाही साहेब. वर्धापनदिनापासून एकही पोचलेला नाही."

"पण ते तर रोज नमस्कार..."

"घालतात. आपण घेत नाही आणि आपला ते घेत नाहीत. दोघांचे सेकंद सारखे लागतात."

तात्यासाहेब रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी पुन्हा दहा सेकंदांनी नमस्कार करायचा?" हा प्रश्न मला नव्हता. सत्तर वर्षांच्या क्रमवारीला होता.

लेले सरांनी खिशातून पट्टी काढली, मांडीवरच्या कागदाखाली धरली आणि दोन ओळी लिहून पुढे केल्या. तात्यासाहेबांनी वाचल्या, पुन्हा वाचल्या, आणि सही केली. नवं परिपत्रक असं: "शाखांनी मुख्य कार्यालयास दर दहा सेकंदांनी नमस्कार करावा. मुख्य कार्यालयाकडून शाखांना दर दहा सेकंदांनी जो संदेश जातो, तो यापुढे आशीर्वाद समजण्यात यावा."

मी दहा सेकंद पूर्ववत केले. अर्ध्या मिनिटात त्रिकोण जुळला आणि तुंबलेली परिपत्रकं एकदम धायरीत जाऊन पडली. पोकळेमामांचा फोन आला, "सायेब, हेडऑफिस उठून बसलं. लई कागद काढतंय."

खरी परीक्षा झाली, त्या सकाळी मी धायरीला होतो. सोळा मुलींनी फॉर्म भरले होते, सोळा आल्या. दोघी-तिघी तर चालत आल्या. केंद्रावर मोठा फलक होता, "मुख्य कार्यालयाच्या कृपाशीर्वादाने". मुली आत गेल्यावर जगताप बाई आणि मी बाहेर बाकावर बसलो. त्यांच्या हातात ते परिपत्रक होतं.

"आम्ही काय पाठवतो?"

"नमस्कार."

"आणि तिकडून?"

"आशीर्वाद."

"यंत्रात फरक काय?"

"काहीच नाही. आधी होतं तेच."

बाईंनी कागदाची चौपदरी घडी घातली, आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, मग हे पहिल्याच दिवशी का नाही सुचलं तुम्हाला? माझं एक पेन वाचलं असतं."

पंचवीस वर्षांत माझ्या कामाबद्दल इतका अडचणीचा प्रश्न कोणी विचारला नव्हता. दोन टोकांची पत्रिका जुळवणं माझं काम, आणि यंत्रांची मी जुळवतही होतो. तात्यासाहेबांशी जुळवून पाहावं, हे मात्र मला सुचलं नाही. मी त्यांना सेकंद समजावत बसलो. उत्तर म्हणून बाईंना मी खिशातलं माझं पेन दिलं. त्यांनी टोपण नीट पाहिलं, कोणी चावलेलं नाही याची खात्री केली आणि ठेवून घेतलं.